मधलीवाडीचा बफे

श्रुती, ये, अशी जवळ सरक. लांबून ऐकू नकोस, निम्मं पंख्याच्या आवाजात उडून जातं. आणि तोंड पाडू नकोस, थोडी रागावणार आहे मी, ते आधी उरकून घेते. गेल्या महिन्यात भांडुपला आली होतीस म्हणे. स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मुक्ताला भेटलीस, दोघी उसाचा रस प्यायलात आणि तिच्याजवळ माझ्यासाठी निरोप दिलास, "आजीला सांग, घाई होती." अगं, घाई कुणाला नसते? मला बाहत्तरावं लागलंय, खरं तर घाई मला असायला हवी. स्टेशनावरून आमच्या चढणीपर्यंत रिक्षाला दहा मिनिटं लागतात. बरं, झालं माझं रागावून. पाय पसरून बस आता.

बाकीचे वाचणारे असाल, तेही बसा. श्रुती म्हणजे आमच्या चाळीत समोरच्या खोलीत राहायची ती, माझ्या नातीची, मुक्ताची, जिवाभावाची मैत्रीण. आता वाकोल्याला असते. हे लिहितेय तिच्यासाठी, पण ऐकायला कुणाला बंदी नाही.

काल खालच्या मजल्यावरच्या दोन पोरी परीक्षा संपवून आल्या. जिन्यातच दप्तरं टाकली, बूट काढून एकमेकींच्या अंगावर फेकले आणि पायरीवर बसून नुसत्या हसत राहिल्या. हसण्यासारखं काही नव्हतं. पेपर संपले, एवढंच. वर गॅलरीत मी कैरीच्या फोडी मिठात घालत होते. त्या हसण्याने माझ्या हातातली सुरी थांबली. कैरीचा वास, पोरींचं हसणं आणि डोंगराकडून येणारा तो कोरडा वारा, तिन्ही एकदम आली की मला तुमचं महायुद्धच आठवतं. दुसऱ्या कुणाला कोकीळ ऐकून काय आठवत असेल ते असो. मला कोकीळ ओरडली की वाटतं, आता नीलद्वीपाची जहाजं निघणार.

आज सकाळी कुरडया घालायला गच्चीवर गेले. मुंबईत वाळवणाला चटई आता कोण वापरतं, आपला फ्लेक्स असतो. माळ्यावरून काढला, उलगडला. एका बाजूला कुणा दादांचा वाढदिवस, हात जोडलेले, गळ्यात साखळी, मागे वाघ. दुसऱ्या बाजूला तुमची पृथ्वी. निळ्या मार्करचा समुद्र थोडा फिकट झालाय, पण डोंगर आहेत, नदी आहे, आणि मधोमध माझं राज्य, तळहाताएवढं. कुरडया दादांच्या तोंडावर घालायच्या की तुमच्या समुद्रात, असा मोठा प्रश्न पडला. शेवटी दादांच्या तोंडावर घातल्या. ते काही बोलले नाहीत.

दोन वर्षं झाली त्याला. तुमची दहावी संपली होती. मोबाइल होते, नाही कशाला म्हणू. आधी तुम्ही त्यावरच लढाया खेळायचात. पण दर दोन मिनिटांनी जाहिरात यायची आणि ऐन हल्ल्याच्या वेळी कुणीतरी साबण विकायला उभी राहायची. तेव्हा मुक्ता वैतागून म्हणाली, "त्यापेक्षा आपणच बनवू जग." आणि बनवलंत की. उत्तरेला मुक्ताचं हिमराष्ट्र. बर्फाचे डोंगर, देवदाराची जंगलं, सफरचंदं आणि माणूस पाठीवर बसेल एवढाले गरुड. दक्षिणेला तुझं नीलद्वीप, सतरा बेटं, मिठागरं, आणि मगरींनी ओढायची जहाजं. मगरी का, तर म्हणालीस, वाऱ्यावर कोण अवलंबून राहणार. ते मला फार पटलं. गरुड म्हणजे काजूच्या बिया, गावाहून आलेल्या. जहाजं म्हणजे तुझ्या आईच्या डब्यातली बटणं, कोटाची मोठी बटणं ती युद्धनौका.

दोघींत खेळ सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी मोडला. दोघींचं असंच असतं. एक जिंकते, एक फुगते, खेळ संपतो. तिसरं कुणीतरी लागतं. तिसरी म्हणून जी चुलत बहीण येणार होती ती गावाला निघून गेली, आणि गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली मी तुमच्या हाती लागले.

"आजी, तू मधलं राज्य घे," मुक्ता म्हणाली. "तुला काही करायचं नाहीये. तू फक्त बफर आहेस."

मला ऐकू आलं बफे.

"बफे? म्हणजे सगळ्यांनी यायचं, ताट भरून घ्यायचं आणि निघून जायचं?"

तुम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलात. मग तू हसत हसत थेट माझ्या तांदळात लोळलीस. "मुक्ता यार, बरोबर बोलतेय ती. बफर राज्याचं तेच तर होतं."

मुक्ता मात्र शिकवायला बसली. इतिहासाच्या पेपरात तिला चांगले मार्क पडणार होते, ते बोलण्यात आधीच आले होते. "आजी, नीट ऐक. दोन मोठी राज्यं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये छोटं राज्य ठेवतात ना, त्याला बफर म्हणतात. त्याने सत्तेचा समतोल राहतो."

"ठेवतात म्हणजे, कोण ठेवतं?"

"मोठी राज्यं."

"आणि छोट्याला विचारतात का?"

"बहुतेक नाही."

"मग मी बफेच बरी," मी म्हटलं. "आणि माझ्या राज्याचं नाव मधलीवाडी."

"आजी, फँटसी आहे ही. जरा भारी नाव ठेव."

"मधलीवाडीत काय वाईट आहे? मी मधली जाऊ होते. मधल्या माणसाला काय काय बघावं लागतं ते तुझ्या हिमराष्ट्राला काय कळणार."

आता बफेचं सांगते. मुलुंडला एका हॉलमध्ये भाच्याचं लग्न होतं, तिथे मी पहिल्यांदा बफे बघितला. मला आधी राग आला. पंगत नाही, आग्रह नाही, माणसं ताटं घेऊन रांगेत उभी. पण मग लक्ष देऊन बघितलं. गुलाबजामांच्या टोपाशी राखणदार नव्हता. तरी एकाने वाटीत सात-आठ ओढायला घेतले की मागचे दहा जण घसा खाकरायचे. त्याची वाटी आपोआप हलकी व्हायची. प्रत्येकाला भीती, हा संपवेल. प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर. हॉलवाला आपला खुर्चीवर पेंगत होता. मुक्ता ज्याला सत्तेचा समतोल म्हणत होती ना, तो मी मुलुंडला गुलाबजामांच्या रांगेत शिकले.

मग मी मधलीवाडीचं धोरण ठरवलं. माझ्याकडे चारशे माणसं, म्हणजे चार चिंचोके. लढून मी दोन दिवस टिकले नसते. पण सगळ्या पृथ्वीवर भात पिकायचा तो माझ्याच खोऱ्यात, आणि उत्तरेतून दक्षिणेत उतरायला एकच खिंड, तीही माझीच. मी जाहीर केलं, मधलीवाडीचं ताट सगळ्यांना उघडं. हिमराष्ट्राने लाकूड आणावं, भात न्यावा. नीलद्वीपाने मीठ आणावं, भात न्यावा. दोघींना पोटभर. कुणी टोप उचलून घरी न्यायला बघितलं, तर मी काही करणार नाही, दुसरी करेल.

"आजी डेंजर आहे," तू हळूच मुक्ताला म्हणालीस. मला ऐकू आलं होतं. तसं मला सगळं ऐकू येतं, फक्त बफर ऐकू आलं नाही.

सैन्याचा प्रश्न तरी होताच. मुक्ता म्हणाली, एखादा ड्रॅगन घे. मी म्हटलं, न बघितलेल्या जनावराला खायला काय घालू? माझ्याकडे देवचार आहे. आमच्या मालवणाकडे तो, देव म्हणा, भूत म्हणा, गावाची शीव राखतो. रात्रभर वेशीवरून फिरतो, म्हणून वर्षाला त्याच्या चपला झिजतात आणि गाव त्याला नव्या ठेवतं.

"त्याचे पॉइंट किती?" मुक्ताने वही काढली.

"देवचाराला पॉइंट विचारतेस?"

"नियम आहे आजी. सगळ्यांना पॉइंट असतात."

तेव्हा तूच मिटवलंस. म्हणालीस, "लिही ना यार, गरुड देवचाराला घाबरतात, मधलीवाडीवरून उडू शकत नाहीत. संपला विषय." मुक्ताने लिहिलं. केवढा मोठा नियम झाला तो, हे तेव्हा तिघींपैकी कुणालाच कळलं नाही.

मग ते दिवस आले. रोज चार वाजता चहा झाला की गॅलरीत पाणी मारायचं, लादी गार करायची, फ्लेक्स अंथरायचा. कोपरे धरायला चार दगड. प्रत्येकीला दिवसाला एकच चाल, आणि जी घरात नसेल तिची चाल वाया. चाळीतली माणसं हिमराष्ट्र ओलांडून नळावर जायची. कोळीण यायची तिची पाटी बरोब्बर नीलद्वीपाच्या समुद्रात टेकायची आणि तू म्हणायचीस, "मावशी, बोंबील आमच्या हद्दीत पकडलेत, अर्धे ठेवून जा." शेवटच्या खोलीतले परबकाका, टपाल खात्यातून रिटायर झालेले, कठड्याला टेकून तासभर बघायचे आणि कुणीही न विचारता सांगायचे, "गो वैनी, सैन्य पुढे नेताना मागची वाट बघूक व्हयी. टपाल पोचत नाय थंय धान्य काय पोचतला?" मी हसायचे. पुढे तेच खरं ठरलं.

मला काय सुख होतं त्यात, कसं सांगू. सातवीत शाळा सुटली माझी. पुढचं जे काही आलं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि वाचनालयातून आणून. नकाशा म्हणजे मला भिंतीवरची गोष्ट. आणि इथे मी मांडी घालून नकाशात बसलेली. माझ्या एका हो-नाहीवर सतरा बेटं आणि एक हिमालय अडलेला. सकाळी भाजी फोडणीला टाकताना डोक्यात खिंड असायची. मुक्ताचा बाप डबा उघडून म्हणाला, "आई, आज भाजीत मीठ नाही." मी म्हटलं, "नीलद्वीपाचं जहाज आलं नाही अजून." तो बिचारा तसाच ऑफिसला गेला.

आता टीव्हीवर रोज खरे नकाशे दाखवतात. लाल बाण, निळे बाण, आणि सूट घातलेली माणसं एकमेकांच्या वर आवाज चढवून सांगतात, कोण कुणाला चिरडणार. मी चष्मा लावून त्यात बारीकसं, मधे चेपलेलं गाव शोधत बसते. मुक्ता विचारते, काय बघतेस? मी म्हणते, मधलीवाडी कुठाय ते बघतेय. तिथे भात शिजत असेल ना गं कुणाच्या तरी घरी. बाण काढणाऱ्याला तो टोप दिसत नाही.

बरं, ते राहू दे. तू आता नजर खाली घालणार, कारण मी त्या मंगळवारावर येतेय.

त्या दिवशी तू आईबाबांबरोबर बाहेर गेली होतीस. कुठे, ते आम्हाला सांगितलं नव्हतंस. चार वाजता मुक्ता चहा न घेताच आली. माझ्या खिंडीशी बसली. "हिमराष्ट्राचे दहा गाडे. सफरचंदं. नीलद्वीपाला विकायला." मी विचारलं, एवढी सफरचंदं? म्हणाली, "हंगाम आहे." मी खिंड उघडली. भातही दिला वाटेत खायला. गाडे खाली उतरले तशी तिने वही काढली आणि वाचून दाखवलं. पेट्यांत सफरचंदं नव्हती, गरुडांची अंडी होती. दक्षिणेच्या उन्हात अंडी फुटली. तीस गरुड बंदरावर. तुझी चाल वाया, कारण तू घरात नव्हतीस. कोटाची सगळी बटणं तिने एकेक करून उलटी घातली. जहाजं जळाली.

मी म्हटलं, "मुक्ता, आपला तह होता."

"युद्ध आहे आजी," ती म्हणाली. पण जिंकल्यासारखी नाही म्हणाली.

संध्याकाळी तू आलीस. चपला काढता काढता फ्लेक्सकडे बघितलंस. मला वाटलं आता ओरडशील, केस ओढशील तिचे, मी मधे पडायच्या तयारीत. तू वाकलीस, आईची बटणं वेचलीस, मुठीत घेतलीस आणि घरात गेलीस. आणि दार लावलंस. श्रुती, आपल्या चाळीत दिवसाउजेडी दार कोण लावतं? माणूस गेल्यावरसुद्धा उघडं असतं दार. ती कडी लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईने, मंगलने, नळावर मला सांगितलं. मंगल नर्स, तिची बदली झाली होती. वाकोल्याला खोली बघून झाली, एक जूनला टेम्पो येणार. म्हणजे हातात बारा दिवस.

तुम्हाला वाटलं असेल म्हातारीला खेळाची पडलीय. खेळाची नव्हती पडली. परळच्या खोलीत आम्ही तीन जावा, एक मोरी, एक शेगडी. थोरली आणि धाकटी भांडायच्या, मी दोघींना कालवण द्यायचे, म्हणून घर चालायचं. आम्ही भांडुपला यायला निघालो त्या सकाळी धाकटीशी माझंच वाजलं. कशावरून, तर पोळपाट कुणाचा. ती दारात आली नाही, मीही मागे वळले नाही. त्यानंतर आम्ही बोललो ते अकरा वर्षांनी. पोळपाट अजून माझ्याकडे आहे आणि एक पाय लंगडा आहे त्याचा. तुम्ही दोघी दोन वर्षांच्या असल्यापासून एका ताटात जेवलेल्या. तुमची अकरा वर्षं मी माझ्या डोळ्यांसमोर कशी जाऊ देणार होते? आणि पाप माझंही होतंच. खिंड मीच उघडली होती. सगळ्यांना ताट वाढायच्या नादात कोण काय घेऊन आलंय ते बघितलं नाही मी.

तीन दिवस तुझं दार बंद. मुक्ता बरोब्बर चारला फ्लेक्स अंथरायची, तुझ्या दाराकडे पाठ करून बसायची, चाल खेळायची. नात असली म्हणून काय झालं, समजावून ऐकणाऱ्यातली ती नाही. मी "जा, सॉरी म्हण" म्हटलं असतं तर ती हिमालयावर जाऊन बसली असती. तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायला हवं होतं. चौथ्या दिवशी मी माझी चाल खेळले. चारही चिंचोके खिंडीत ठेवले.

"मधलीवाडीचा बफे बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे खिंड बंद. भात कुणालाच नाही. तुला नाही, तिला नाही."

मुक्ता हसली. "मग मी वरून..." आणि थांबली. वरून जाता येत नव्हतं. देवचार होता. तीस गरुड दक्षिणेत, भात खिंडीच्या अलीकडे, घरी उडत जायची सोय नाही. तिने सगळं सैन्य पाठवलं होतं, हिमराष्ट्रात राखायला काजूची एक बी नव्हती. पलीकडे तुझ्याकडे जहाजं बांधायला लाकूड नाही, लाकूड उत्तरेत, आणि वाट माझी. कठड्याजवळून परबकाका म्हणाले, "मी काय सांगत होतंय?" नियमाप्रमाणे उपाशी सैन्यातल्या रोज पाच बिया बाहेर. मुक्ताने स्वतःच्या हाताने पाच उचलल्या.

त्याच वेळी तुझ्या दाराची फट किलकिली झाली. मला दिसत होतं.

"आजी, अट काय आहे तुझी?" मुक्ताने विचारलं.

"तह करायचा असेल तर मधलीवाडीच्या राजधानीत यायचं. दोन्ही राण्यांनी, स्वतः. वकील चालणार नाहीत."

"राजधानी कुठे आहे?"

"माझा ओटा."

ती दोन दिवस ताणून बसली. दहा बिया गेल्या. तिसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. मंगल दरवर्षीसारखी खिरीचा टोप घेऊन चाळभर फिरत होती. आमच्या दारात आली तेव्हा मी म्हटलं, "वाटी नको, टोपच ठेव इथे अर्धा तास. आणि श्रुतीला सांग, मधलीवाडीने बोलावलंय." मंगलला काय कळलं कोण जाणे, पण नर्सबाईने टोप ठेवला आणि उरलेल्या घरांना सांगून आली, खीर जरा उशिरा.

मी घावणे घातले होते. ओट्यावर घावणे, नारळाचा रस, खिरीचा टोप, आणि तीन रिकाम्या ताटल्या. तू आलीस, मुक्ता आली. दोघी ओट्याच्या दोन टोकांना. मी वाढलं नाही. "बफे आहे," म्हटलं, "आपापलं घ्यायचं." आणि वाढायचा डाव एकच ठेवला होता खिरीत. आता सांगते, मुद्दाम.

तुम्हाला एकमेकींना डाव द्यावा लागला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी मुक्ता म्हणाली, "जहाजं परत देते."

"जळलेली कशी परत देणार?" तू ताटलीकडे बघून.

"लाकूड देते मग. हवं तेवढं."

"अंडी लपवून आणलीस. मी नसताना."

"तू पण लपवलंस." मुक्ताचा आवाज फुटला. "तू जाणार हे मला त्या मंगळवारी परबकाकांनी सांगितलं. काका सांगतात मला, तुझी मैत्रीण चालली. सगळ्या चाळीला माहीत. मला नाही."

मी गॅस पुसायला लागले. स्वच्छच होता.

तू घावण्याचा तुकडा मोडलास. मग म्हणालीस, "तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं ना."

मला वाटलं होतं तिने हाव केली. आणि ती सगळं सैन्य घेऊन तुझ्या बंदरात गेली होती, कारण तुझ्यापर्यंत जायची दुसरी वाट तिला येत नव्हती. युद्ध असंही सुरू होतं बघ. एक वाक्य वेळेवर बोललं गेलं नाही, की तीस गरुड.

मग कोण आधी रडलं त्यावरून तुमचं अजून एकमत नाही. मी बघितलंय, पण मधलीवाडी त्यावर बोलणार नाही. खीर मात्र अर्धा टोप संपली, आणि मंगल उरलेल्या घरांत पळी पळी वाटत फिरली.

तह मी लिहिला, माझ्या अक्षरात, फ्लेक्सच्या कोपऱ्यात. आज कुरडया घालताना परत वाचला. तीनच कलमं. लाकूड, मीठ आणि भात पूर्वीसारखे. गाड्यांतल्या पेट्या खिंडीत उघडून दाखवायच्या. आणि तिसरं, जे तू सांगितलंस आणि मी लिहिलं: यापुढे कुणाचीही चाल वाया जाणार नाही. जिची पाळी असेल ती समोर येऊन खेळेपर्यंत सगळं जग थांबेल.

उरलेले दिवस कसे गेले ते तुला मी काय सांगू. फणस फोडला, दोघींच्या केसांना चीक लागला, रॉकेल शोधत चाळभर फिरलात. चार वाजता तीस बटणांचं नवं नौदल तरंगायचं. मागच्या डोंगरावरच्या बिबट्यालासुद्धा तुम्ही सेनापती केलंत. एक जूनला टेम्पोत मुक्ताच पुढे बसून गेली, तुझी भांडी लावून देऊन संध्याकाळी परतली. आल्यावर जेवली, झोपली. शांत झोपली. मी पांघरूण सारखं करताना मोठा श्वास घेतला. माझ्या हातून पोळपाट झाला नाही, एवढंच.

आता तुम्ही दोघी दिवसभर मोबाइलवर काय काय बोलता ते मी ऐकते. तिच्या प्रॅक्टिकलची भीती तुला आधी कळते, मंगलचा बीपी आम्हाला मुक्ताकडून कळतो. चांगलं आहे. तुमचा समतोल बसला, त्यात आता बफर नको. हे लिहिताना मला हसूच येतंय. मधलं राज्य आपलं काम चोख करतं, तेव्हा त्याची कुणाला आठवण राहत नाही.

पण बाळा, एक गोष्ट तुम्ही दोघी विसरलात. टेम्पो आला त्या सकाळी मुक्ताची चाल झाली होती, तुझीही झाली होती. पाळी माझी होती. ती मी खेळले नाही, आणि तहाप्रमाणे मी खेळेपर्यंत जग थांबलंय. दोन वर्षं मी चाल शोधतेय. भाजी निवडताना, नळावर, डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना. आता सापडलीय. अशी सापडलीय की हिमराष्ट्र आणि नीलद्वीप दोघांची वाट लागेल. मुक्ताला सांगितलेली नाही. फोनवर सांगणार नाही. तिघी समोरासमोर बसल्याशिवाय खेळणार नाही.

या रविवारी ये. सकाळीच ये, मंगलला घेऊन ये. आणि फार दिवस लावू नकोस गो, चाल झकास आहे आणि माझ्या पोटात राहत नाहीये.